शेणाचा टेम्पो आणि माझ्या दोन सह्या

ज्याच्याकडे अचानक जायला हवं, त्याला आठ दिवस आधी पत्र पाठवायचं, हा आमच्या खात्याचा रिवाज. ‘अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता आपल्या उद्योगाची पाहणी करण्यात येईल, तरी जबाबदार व्यक्तीने उपस्थित राहावे.’ जबाबदार व्यक्ती हमखास उपस्थित असते. सोबत काजू असतात, गरम समोसे असतात, पाण्याच्या बंद बाटल्या असतात आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला एक सुपरवायझर असतो, जो आपला प्रश्न पुरा व्हायच्या आत ‘येस सर’ म्हणतो. अशा किती पाहण्या मी केल्या ते मोजलं नाही. पँटची कंबर दोनदा सैल करून घ्यावी लागली, एवढं आठवतं.

माझं काम अनुदानाचं होतं. यवतमाळसारख्या मागास ठरवलेल्या जिल्ह्यात कोणी कारखाना काढला, की सरकार त्याला हात देतं. जमीन स्वस्तात, विजेवर सूट, आणि यंत्रांवर केलेल्या खर्चाचा काही भाग हप्त्याहप्त्यानं परत. प्रत्येक हप्त्याआधी माझ्यासारख्या माणसानं जाऊन बघायचं. कारखाना खरंच आहे का? चालतो का? सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा चालू आहे का? चार पानांचा छापील तक्ता, प्रत्येक ओळीपुढे ‘होय’ आणि ‘नाही’. शेवटी माझी सही.

या सगळ्या कारभारात एक कलम होतं, अट क्रमांक अकरा. उद्योगामुळे पाणी, जमीन किंवा हवा खराब झाल्याचं दिसून आलं, तर पुढचा हप्ता थांबवायचा आणि आधी दिलेले हप्ते व्याजासकट वसूल करायचे. करारनाम्याच्या सातव्या पानावर ही अट निवांत झोपलेली असायची. माझ्या माहितीत तिला कोणी उठवलेलं नव्हतं. मीही नाही. आम्ही तिच्या शेजारून चवड्यांवर चालत जायचो.

ती जागी झाली ती सावरखेड्यात. हे गावाचं खरं नाव नाही. बाभुळगावकडच्या रस्त्यावर असलेल्या एका गावाला आपण या लेखापुरतं हे नाव देऊ.

तिथे सूत रंगवण्याचा कारखाना होता. मालक तरुण, गोड बोलणारा, मला पहिल्या भेटीपासून ‘काका’ म्हणणारा. मी बेचाळीसचा होतो, तरी ते काका मी आनंदानं गिळलं. दोन हप्त्यांच्या वेळी मी जाऊन आलो. दोन्ही वेळा टाकीत तपकिरी पाणी घुसळत होतं, वर जाड फेस होता, मोटारी घुमत होत्या. एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं, की टाकी तपकिरी आणि फेसाळ दिसली म्हणजे आतले जिवाणू जिवंत आहेत आणि पाण्यातली घाण खात आहेत. मी वाणिज्य शाखेचा. जिवाणूंशी माझी तेवढीच ओळख. दोन्ही वेळा ‘होय’वर खूण केली, सही ठोकली, समोसा खाल्ला.

तिसरा हप्ता सगळ्यात मोठा होता. त्याची फाइल टेबलावर आली त्याच आठवड्यात सावरखेड्याच्या सरपंचांचा अर्ज आला. नाल्याला कधी लाल तर कधी निळं पाणी येतं. नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी बेचव झालं आहे, त्यात डाळ शिजत नाही. त्या विहिरीवर चाळीसेक घरं होती.

मी ठरवलं, या वेळी पत्र नाही. नुसतं जायचं. ड्रायव्हर दिवाकरला रस्त्यात सांगितलं, तेव्हा त्यानं आरशातून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बँक लुटायला निघालोय.

“साहेब, पत्र नाई धाडलं?”

“नाही.”

“मंग नाश्ता आपल्यालेच करा लागन. इथंच थांबवू का गाडी?”

गेटवर चौकीदारानं अडवलं. मालक मीटिंगमध्ये आहेत, वरून निरोप आल्याशिवाय आत सोडता येत नाही. ऊन मरणाचं होतं. गेटाच्या उजव्या हाताला एक गोठा होता, पत्र्याची सावली होती. मी तिकडे सरकलो. गोठ्यात चार म्हशी आणि साठीच्या पुढची एक बाई. गुंफाबाई. तिनं पोत्यानं झटकून एक लोखंडी स्टूल पुढे केलं.

“बसा साहेब. आज तुमचा लय अचानक दौरा दिसते.”

“तुम्ही मला ओळखता?”

“गाडी ओयखतो नं. दोनदा आल्ते तुमी.” तिनं एका म्हशीच्या पाठीवर थाप मारली. “पन आज याईनं शेण नाई नेलं. म्हून म्हनलं, अचानक हाये.”

“कोणी शेण नाही नेलं?”

“कारखान्यानं. तुमची गाडी येनार असली का सात-आठ दिस आधी त्याईचा टेम्पो येते. माह्यं, शेजारचं, साऱ्याईचं शेण भरून नेतेत. मंग आठवड्याभरानं तुमी येता.” ती हसली. “मी सुनेले म्हनलं, साहेबाले शेणाचा वास आवडत असन.”

मीही हसलो. हसता हसता मला टाकीतला तो तपकिरी फेस आठवला.

आता इथे दोन वाक्यं त्याच प्रशिक्षणातली. सांडपाण्याच्या टाकीत जिवाणू लागतात, आणि ते सुरुवातीला आणायचे तर सोपी जागा म्हणजे ताजं शेण. दह्याला विरजण लावतात तसं. एकदा विरजण लागलं आणि टाकी रोज चालू ठेवली, की पुन्हा शेण घालावं लागत नाही, जिवाणू आपले आपण वाढतात. टाकी बंद ठेवली, की ते मरतात. म्हणजे माझ्या प्रत्येक भेटीआधी शेण घ्यावं लागत असेल, तर त्याचा अर्थ एकच होता. मी गेलो की टाकी बंद. मी यायचा असलो की बोअरचं स्वच्छ पाणी, टेम्पोभर शेण, आणि मोटारी चालू. तो तपकिरी फेस म्हणजे गुंफाबाईच्या म्हशींची कामगिरी होती. मी ती प्रमाणित केली होती. दोनदा.

आतून निरोप येईना. मी उठून गेटवर गेलो आणि चौकीदाराला म्हटलं, “आत सोडू नका, पण माझी नोंद तरी करा. अकरापासून उभा आहे.” त्यानं मोठ्या उत्साहानं आवक-जावक रजिस्टर पुढे केलं. या कारखान्यात सूत गुंडाळलेल्या कोनांची चोरी व्हायची, म्हणून मालकानं गेटवर फार कडक नोंदी ठेवायला लावल्या होत्या. आत-बाहेर जाणारी काडीसुद्धा लिहायची. मी माझं नाव लिहिलं, आणि माझी जुनी नोंद शोधत असल्याचं नाटक करत पानं मागे उलटली. पहिल्या पाहणीच्या आधीच्या आठवड्यात: ‘शेण – १ टेम्पो’. दुसऱ्या पाहणीच्या आधीच्या आठवड्यात: ‘शेण – १ टेम्पो’. मधल्या दीड वर्षात सूत, रंग, मीठ, कोळसा, चहापत्ती. शेण नाही. मी खिशातून मोबाइल काढला.

“साहेब, फोटो कायले?” चौकीदार दचकला.

“माझी सही आज फार सुंदर आलीय हो,” मी म्हटलं, आणि तिन्ही पानांचे फोटो काढले.

शेवटी आत घेतलं. टाकीजवळ गेलो तर पाणी हिरवं आणि शांत. माझी चाहूल लागताच काठावरचा एक बेडूक आत उडी मारून गेला. मालक माझ्या शेजारी उभा होता. त्याचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. त्यानं उलट माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“काका, मेन्टेनन्स चालू आहे. दोन दिवसांत सुरू होईल.”

“ही टाकी महिनोन् महिने बंद आहे.”

“असेल.” तो अगदी हळू बोलला. “पण काका, तुम्ही आज ‘नाही’ लिहिणार असाल, तर आधी दोनदा ‘होय’ कसं लिहिलं, हे कोणीतरी विचारेल. मी नाही विचारणार. दुसरं कोणी विचारेल. मला तुमची काळजी वाटते, एवढंच.”

त्यानं पाकीट पुढे केलं नाही, दम दिला नाही. मला माझीच सही दाखवली. परतीच्या रस्त्यावर दिवाकरनं गाडी बाजूला घेऊन विचारलं, “साहेब, तब्येत बरी हाय नं?”

ऑफिसात वरिष्ठांनी फाइल पाहिली, चष्मा काढला आणि मला शहाणपणाचा सल्ला दिला. ‘देखभालीसाठी तात्पुरती बंद’ असं लिहा, महिन्यानं पत्र पाठवून पुन्हा जा, सगळं सुरळीत दिसेल. माझी बढती त्या वर्षी यायची होती. मी तो सल्ला दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. खोटं सांगत नाही, तो जड वाटत नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा सावरखेड्याला गेलो, विहिरीवर. एक बाई पाणी शेंदून भांडी घासायला नेत होती. प्यायला नाही. प्यायचं पाणी दीड किलोमीटरवरच्या मळ्यातून डोक्यावर यायचं. मी ओंजळभर घेऊन चाखलं. मिठाचं आणि गंजाचं मधलं काहीतरी. चूळ भरायला दिवाकरनं बाटली दिली. त्या बाईला बाटली नव्हती.

तिथून गुंफाबाईकडे गेलो. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, या वेळी मी ‘नाही’ लिहितो, यवतमाळला अनुदान समितीपुढे सुनावणी लावतो, तुम्ही येऊन टेम्पोचं सांगा. ती लगेच हो म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हशीची धार काढत राहिली.

“माही सून वनिता त्याच कारखान्यात हाये. सुताचे कोन भरते. तिच्या पगारावर घर चालून राह्यलं. कारखाना बंद झाला तं तुमी देसान पगार?”

“बंद नाही करायचा.”

“असं सारेच म्हंतेत.”

मी तिला अकरावी अट समजावून सांगितली, आणि समजावताना ती मलाही पहिल्यांदा समजली. कारखान्याला कुलूप लावलं, की मालक दुसऱ्या जिल्ह्यात दुसरा कारखाना काढतो, तिथेही अनुदान घेतो. वनिता दुसऱ्या जिल्ह्यात दुसरं गाव काढू शकत नाही. म्हणून कुलूप नको. लोकांच्या करातून दिलेला पैसा त्याच्याकडून परत घ्यायचा आणि टाकी रोज चालवायला लावायची. घाण करणं हे टाकी चालवण्यापेक्षा महाग पडलं पाहिजे.

“लिहून द्या,” गुंफाबाई म्हणाली.

“काय?”

“का कारखाना बंद होनार नाई.”

मला ते लिहून देता येत नव्हतं. दोन खोट्या ‘होय’नंतर तिसरं कुठल्या तोंडानं देणार? मी तसं सांगितलं. ती भांडं उचलून आत गेली आणि बाहेर आली नाही.

सुनावणीच्या दिवशी दालनात मालक होता, त्याचा वकील होता, आणि नागपूरहून आणलेला एक तज्ज्ञ होता. त्याच्याकडे लॅपटॉप, पडद्यावर रंगीत आलेख. अध्यक्षस्थानी एक मॅडम, ज्यांच्यापुढे भले भले अधिकारी खुर्चीच्या कडेवर बसायचे. माझ्या बाजूला मी, मोबाइलमधले तीन फोटो आणि रिकामी खुर्ची.

तज्ज्ञानं फर्मास भाषण केलं. यंत्रणा उत्तम, जिवाणू सुदृढ, आणि शेवटी माझे दोन अहवाल पडद्यावर. माझ्या सह्या पुरुषभर उंच दिसत होत्या. कॉलेजात मी नाटकांतून कामं केली होती, पण एवढा मोठा प्रकाश माझ्यावर कधी पडला नव्हता.

“शासनाच्याच अधिकाऱ्यानं दोनदा खात्री केलेली आहे,” वकील म्हणाले. “आज तेच अधिकारी उलट बोलतात. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “बोला.”

मी उभा राहिलो. टेबलाची कड धरली. “मॅडम, माझे दोन्ही अहवाल चुकीचे आहेत.”

 मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“चुकीचे, की खोटे?”

त्या दोन शब्दांच्या मधे माझी नोकरी लोंबकळत होती. “चुकीचे,” मी म्हटलं. “खोटं लिहायला निदान खरं काय ते माहीत असावं लागतं. मी फेस पाहिला आणि सही केली.” आणि मग टेम्पोचं सगळं सांगितलं.

वकील हसले. “मॅडम, हे शेणाचं कथानक यांना कोणी सांगितलं? साक्षीदार आहे का?”

मी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.  तेवढ्यात दाराशी शिपायाचा आणि एका बाईचा वाद ऐकू आला.

“अहो आजी, आत मीटिंग चालू आहे!”

“मीटिंगीतच जाचं हाये मले. सरक.”

गुंफाबाई आत आली. नऊवारी, हातात कापडी पिशवी, सकाळच्या एसटीनं आलेली. मला पाहून म्हणाली, “सूनच म्हने, जा. रोज कारखान्याच्या पाळीच्या आधी दोन खेपा पान्याच्या मारते थे. म्हने, नोकरीचं पुढं पाहू.”

मॅडमनी तिला बसवलं, पाणी दिलं. तिनं तेच सांगितलं जे गोठ्यात सांगितलं होतं. मी फोटो पुढे ठेवले.

मालक पहिल्यांदा स्वतः बोलला. “मॅडम, शेण आम्ही बागेसाठी घेतलं होतं.”

“कोन्त्या बागेसाठी?” गुंफाबाई त्याच्याकडे वळली. “गेटापाशी दोन गुलाब हायेत, थे बी वायले. टेम्पोभर शेण दोन गुलाबाले घातलं बाप्पा? मंग थे मरनार नाई तं काय!”

कोणीतरी खोकल्यात हसू लपवलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तज्ज्ञाला विचारलं, “यंत्रणा रोज चालू असेल, तर शेण किती वेळा लागतं?”

तज्ज्ञ हुशार माणूस होता आणि त्याचं शास्त्र पक्कं होतं. “एकदाच, सुरुवातीला,” तो ताडकन म्हणाला. आणि म्हटल्यावर त्याला कळलं की आपण काय म्हटलं. त्यानं मालकाकडे पाहिलं. मालक खिडकीबाहेर बघत होता. दालनात तो क्षण इतका लांबला, की मला वाटलं कोणीतरी पडदा पाडायला विसरलंय.

पुढं काय झालं ते सांगून टाकतो. तिसरा हप्ता थांबला. आधीचे दोन व्याजासकट वसूल करायचा आदेश निघाला. कारखान्याला कुलूप लागलं नाही. टाकी चालू ठेवायची, पाहणी कधीही आणि पत्राविना होणार, आणि विहीर सुधारेपर्यंत गावाला टँकर मालकाच्या खर्चानं. वनिता अजून कोन भरते. मला ताशेरा मिळाला, त्या वर्षीची बढती गेली, पुढं मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. वसुली मालकानं कुरकुरत का होईना भरली, पण ती सरकारी तिजोरीत गेली, कारण अकराव्या अटीत विहिरीचं नाव कुठेच नाही. ते घालावं म्हणून मी तीन टिपणं लिहिली. तिसऱ्यावर ‘पाहिले’ असा शेरा आला. विहीर दर उन्हाळ्यात उपसतात. पाणी आता धुण्याभांड्याला चालतं. डाळ अजून नीट शिजत नाही.

सुनावणी संपली, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. गुंफाबाईची परतीची एसटी चुकली होती. मी तिला आमच्या गाडीत बसवलं. मी जिंकल्याच्या नशेत होतो. मॅडमची नक्कल केली, वकिलाची केली, खिडकीबाहेर बघणाऱ्या मालकाची केली. दिवाकर हसून हसून स्टिअरिंगवर हात आपटत होता. गुंफाबाई मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

“साहेब,” ती मधेच म्हणाली, “एक ईचारू? तुमी तवाच काहून नाई आले गोठ्यात? दोनदा माह्या दारावरून गेल्ते. मी उभीच होती.”

“मला माहीत नव्हतं, तुम्हाला काही माहीत असेल.”

“ईचारलं असतं तं सांगतलं असतं. लपवाचं काय होतं त्यात? मी तं हात बी केला होता एकडाव. तुमची काच वर होती.”

बोलण्यात माझा हात कोणी धरत नाही, असं माझे मित्र म्हणतात. मी समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिलो.  फाटा आला, गाडी वळली, आणि रस्ता नाल्याच्या कडेनं चालू लागला. आत कुजलेल्या रंगाचा तो वास घुसला, घशाला चिकटणारा. सवयीनं दिवाकरचा हात काच वर करायच्या बटणाकडे गेला.

“राहू दे,” मी म्हटलं.

गावापर्यंत आम्ही तिघंही तसेच गेलो.